पाचशे भुंगे

धुळ्याहून सव्वासातला सुटणारी एसटी,
मांडीवर बुटांचं खोकं,
झाकणाला दाभणानं पाडलेली भोकं.
डब्बामा काय शे? शेजारच्या बाईनं विचारलं.
भुंगे, म्हणाले. पाचशे.
ती जरा सरकून बसली
आणि उतरेपर्यंत खोक्याकडेच बघत राहिली.

पिंपळकोठ्याला पांझरेच्या काठानं
गावठाणापासून स्मशानापर्यंत गाजरगवत.
लांबून वाटतं, कुणी हौसेनं पेरलंय.
गव्हाच्या पोत्यातून आलं म्हणतात, समुद्र ओलांडून,
आणि इथं त्याला खाणारं कुणी भेटलं नाही.
गाय तोंड फिरवते. शेळीसुद्धा.
ठगूबाईनं न बोलता हात पुढे केले:
मनगटापासून कोपरापर्यंत तडकलेली कातडी.
वीस वर्षं निंदणीला जाते.
हातमोजे, असं मी म्हणाले मात्र,
ती पदरात हसली.

मागच्या वर्षीही आले होते. सोडलेही होते.
आठव्या दिवशी कुणी साहेब येणार
म्हणून पंचायतीनं फवारा मारला.
गवत महिन्यात परत आलं,
भुंगे आले नाहीत.
वहीत त्या पानावर नुसती तारीख आहे.

म्हणून यंदा खोकं उघडायच्या आधी
दूध डेअरीच्या ओट्यावर बसलो.
हिलाल आप्पा, ग्रामसेवक, खैरनार सर,
बचत गटाच्या सातजणी, मागे पोरं.
मी आणलेला कागद कुणी वाचला नाही.
तोंडीच ठरलं:
शाळेमागचं गवत भुंग्यांचं,
तिथं दोन महिने ना फवारा ना काडी.
रस्त्याकडेचं आपलं, फुलायच्या आत उपटायचं.
दुसऱ्या शिवारातून मळणीयंत्र आलं
तर वेशीवर धुवायचं.
धुण्यावरून तासभर भांडण, पाणी कुणाचं?
शेवटी डेअरीचं.

आप्पांनी एक भुंगा तळहातावर घेतला.
दुधी अंग, पाठीवर तपकिरी रेघोट्या,
जणू कुणी बोरूनं गिरवलेल्या.
मन्ही कपाशी खाई का हाऊ?
नाही आप्पा. कपाशीवर ठेवून पाहिला,
तुरीवर, भुईमुगावर. उपाशी मेला.
सूर्यफूल मात्र कुठे कुठे कुरतडताना दिसलाय.
हे सांगू नका, असं ऑफिसात म्हणाले होते.
सांगितलं.
आप्पा बराच वेळ भुंग्याकडे बघत बसले.
मग म्हणाले, सोड.

सहावीतला एक पोरगा, भिला नाव,
मागून ओरडला: मंग याले कोण खाई?
मला नीट सांगता आलं नाही.
खैरनार सरांनी प्रश्न फळ्यावर लिहिला,
भोवती चौकोन आखला, पुसू नये असा,
आणि दर शनिवारी मोजायचं काम
भिलालाच दिलं.

उन्हं कलल्यावर झाकण काढलं.
आधी कुणी हललंच नाही.
मग एक चढला पानावर, मग दुसरा.
दोघांचंही गाव एकच, मेक्सिको,
गवताचं आणि याचं.
इतक्या लांब, पांझरेच्या चिखलात,
जुनं वैर भेटलं
आणि गुपचूप कुरतडू लागलं.

निघताना ठगूबाईनं गाठोडं दिलं.
तरोट्याचं बी. पोतंभर आणखी घरी आहे, म्हणाली,
तुन्हा किडा खाई तं खाई,
मोकळी जागा आमना तरोटाले दे नं माय.
भाजीबी व्हई.
तरोटा गाजरगवताला दाबतो,
हे मी तिसऱ्या वर्षाला पुस्तकात वाचलं होतं.
तिला कुणी सांगितलं, विचारायचं राहिलं.

धुळे स्टँडवर उतरले तेव्हा अंधार.
दिव्याखाली पाय पाहिले:
चपलेच्या खाचांत पिंपळकोठ्याचा चिखल,
चिखलात काळे बारीक ठिपके.
एका झाडाला हजारो, असं दिवसभर मीच सांगत होते.
समोर स्टँडची उघडी जमीन,
नुकतीच ओली.

फलाटाच्या कडेला बसले,
दाभण काढलं,
आणि येणारे-जाणारे बघत असताना
एकेक खाच कोरून
रिकाम्या खोक्यात भरत राहिले.